मामंजींची कुरकुर

मी संडूरहून लग्न होऊन बेंगळूरला आले तेव्हा डिसेंबर होता. संडूरच्या उन्हात वाढलेल्या मला इथली पहाट नवलाची वाटली. पाणी तापवायला उठले तर धुक्यात परसातली विहीरसुद्धा दिसेना. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "ही काय थंडी म्हणायची? धड थंडी नाही, धड ऊब नाही. नुसता ओलावा. हाडं कुजतील माणसाची."

मला वाटलं, घरात कुणीतरी आजारी आहे. मी घाबरून सासूबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे दूध तापवत होत्या.

"तुझे मामंजी आहेत ते," त्या म्हणाल्या. "रोजचंच आहे. उत्तर द्यायचं नाही, कॉफी द्यायची."

मामंजींचं नाव विठोजीराव. गविपुरमच्या पलीकडे, बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं सायकलचं दुकान होतं. सायकली दुरुस्त करायच्या, तासाच्या भाड्यानं द्यायच्या. दुकानाच्या मागं घर, घरामागं परस आणि विहीर, आणि परसाच्या पलीकडे तळं. तळ्याचं नाव हुणसेकट्टे, म्हणजे चिंचेचं तळं. काठावरच्या चिंचा मात्र मी यायच्या आधीच कधीतरी तोडल्या गेल्या होत्या. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, असं घरात सांगत. इतक्या वर्षांत मराठी घरापुरती उरली होती, तीही निम्मी कानडीत भिजलेली. मामंजी कुरकुर मराठीत करत आणि भांडण कानडीत.

त्यांना काहीच पसंत नसे. पावसाळ्यात म्हणायचे, "चार महिने हा नुसता शिंतडत राहणार. छत्री उघडली की थांबतो, मिटली की येतो. माझ्या साखळ्या गंजल्या." एप्रिलमध्ये म्हणायचे, असं ऊन पूर्वी नव्हतं. नळ नव्यानं आला होता, पण त्याला पाणी कधी यायचं याचा नेम नव्हता. मामंजी नळासमोर उभे राहून म्हणायचे, "वारा येतोय बघा. वाऱ्याचा नळ दिलाय आपल्याला." कॉफीत चिकोरी जास्त, तांदळात खडे जास्त, बस आली तरी थांबत नाही. त्या वेळी तिकडे विधानसौधाचं काम चाललं होतं आणि सगळं शहर ते बघायला जात होतं. मामंजीही जाऊन आले. चपला काढता काढता म्हणाले, "एवढा दगड! आणि आमच्या गटारावर चार फरश्या टाका म्हटलं, तर दगड नाही म्हणतात."

हे सगळं ते रागानं बोलत नसत. आवाजात फक्त थकवा असायचा. वडील लवकर गेल्यामुळे पोरवयात दुकानात उभे राहिले ते उभेच होते. तीन बहिणींची लग्नं केली, एक भाऊ प्लेगात गेला, त्याची बायको-पोरं सांभाळली. त्यातलं काही ते कधी बोलून दाखवत नसत. बोलायचे ते पावसाबद्दल.

संध्याकाळी त्यांचा एक ठरलेला श्रोता यायचा, गुंडो. तळ्याच्या बांधाखाली त्याची भाजीची जमीन होती. तरुणपणी दोघं एकाच तालमीत कुस्ती खेळलेले. गुंडो मामंजींना अण्णा म्हणायचा. येताना पदरात बांधून आणावी तशी उपरण्यात बांधून राजगिऱ्याची नाहीतर मेथीची जुडी आणायचा, ती सासूबाईंना द्यायचा आणि दुकानासमोरच्या बाकावर बसून मामंजींचं ऐकत राहायचा. स्वतः फार बोलत नसे. भाजी जळाली तरी "यंदा ऊन स्वल्प जास्त झालं" एवढंच म्हणायचा. मी एकदा सासूबाईंना विचारलं, "यांना कंटाळा कसा येत नाही?" त्या म्हणाल्या, "गुंडोच्या वाट्याचं पण तुझे मामंजीच बोलतात. म्हणून तो येतो."

मामंजींच्या सगळ्या तक्रारींत एक तक्रार मात्र खरीच होती. तळ्याची. वरच्या वस्त्यांची गटारं कुणीतरी तळ्यात सोडली होती. पाण्यावर हिरवा थर साचायचा आणि दिवस कलला की डासांचा असा गुणगुणाट सुरू व्हायचा, की ओसरीवर बसवत नसे. आम्ही कडुलिंबाचा पाला जाळायचो. त्यानं डास जायचे नाहीत, डोळे मात्र झोंबायचे.

माझी चंपा तीन वर्षांची असताना तिला हिवताप झाला. एक दिवसाआड ताप चढायचा. दात वाजायचे, एवढंसं अंग गोधडीखाली थडथडायचं, मग घाम फुटायचा आणि पोर चिंध्यांच्या बाहुलीसारखी पडून राहायची. क्विनीन पोटात ठरत नव्हतं. आमचे हे विमानांच्या कारखान्यात कामाला, पहाटे जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. दिवसभर चंपाजवळ मामंजी बसायचे. दुकान बंद ठेवून बसायचे. त्या दिवसांत त्यांच्या तोंडून एकदाही कुरकुर निघाली नाही. चंपा वाचली, पण तिची प्लीहा वाढली ती बरेच दिवस उतरली नाही, आणि बरोबरीच्या मुली अंगणात पळायच्या तेव्हा ती पायरीवर बसून बघायची.

तिला बरं वाटू लागल्यावर एकदा शेजारचा शिवाप्पा आला. त्याची पिठाची गिरणी होती आणि त्याला राजकारणाची फार हौस. कार्पोरेशनच्या निवडणुका जवळ आल्या होत्या.

"रावरे," तो मामंजींना कानडी रीतीनं मान देऊन म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही इथं बसून बोलताय ते बरोबरच बोलताय. पण इथं बसून कोण ऐकणार? उभे राहा. मी मतं आणतो."

"मला काय करायचंय त्या चोरांच्या बाजारात जाऊन?"

"तळ्याचं काहीतरी होईल."

मामंजींनी पायरीवर बसलेल्या चंपाकडे बघितलं. सरी, म्हणाले. बरं म्हणायची ती आमच्याकडची रीत.

ते अपक्ष उभे राहिले. दुकानातल्या सगळ्या सायकली प्रचाराला निघाल्या. भाषण करायचं म्हणजे काय, हे मामंजींना ठाऊक नव्हतं. ते स्टुलावर उभे राहायचे आणि ओसरीवर बोलायचे तेच कानडीतून बोलायचे. नळ, गटार, डास, बस. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, कारण प्रत्येकाच्या घरी तेच होतं.

एका सभेत मागून कुणीतरी ओरडलं, "हा मराठा आपला कुठला? त्याला बेळगावला पाठवा!" राज्यांच्या सीमा तेव्हा नुकत्याच नव्यानं आखल्या होत्या आणि बेळगावावरून दोन्हीकडे वातावरण तापलेलं होतं. आम्हाला त्या भांडणातलं काहीच कळत नव्हतं. आमच्यापैकी कुणी बेळगाव पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मामंजी स्टुलावर नीट सावरून उभे राहिले. मग म्हणाले, "जातो की. पण तिकडं जाणारी बस तरी इथं थांबते का ते सांगा." सगळी सभा हसली. घरी आल्यावर मात्र ते जेवले नाहीत. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्या बापाला, आजाला याच तळ्याच्या काठी जाळलं. अजून किती वर्षं राहिलं म्हणजे आपण इथले होणार?" सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं.

ते निवडून आले. फार मतांनी नव्हे, पण आले. शिवाप्पानं गुलाल उधळला. गुंडोनं त्या दिवशी भाजी नाही, झेंडूची फुलं आणली. त्याच्या शेतात ती कडेला उगवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी हातात घेऊन मामंजी ओसरीवर आले, तर अंगणात माणसं उभी. कुणाचा नळ बंद, कुणाच्या दारासमोरचा दिवा फुटलेला, कुणाचा शेजाऱ्याशी भिंतीवरून तंटा. त्यानंतर रोज सकाळी तेच. मामंजी ऐकून घ्यायचे, मग सायकलवर टांग मारून कार्पोरेशनच्या कचेरीत जायचे, तिथे या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचे, आणि संध्याकाळी परत यायचे तेव्हा दारात आणखी चार माणसं बसलेली असायची. एक बाई तर रोज यायची. तिच्या घराच्या कौलांवर माकडं नाचतात, त्याचं काहीतरी करा म्हणायची. एक मास्तर होते, ते पावसाबद्दल तक्रार करायला यायचे. खरंच! यंदा पाऊस उशिरा आला, कार्पोरेशन काय करतंय, असं विचारायचे.

मामंजी घरात बोलेनासे झाले. थंडी पडली, काही म्हणाले नाहीत. कॉफी पातळ झाली, प्याले. सासूबाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहल्या, यांना काही झालंय का ग? काल नळाला पाणी नव्हतं, तर हे नुसते बघून आत आले."

तळ्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. त्यांचं मागणं साधं होतं. वरची गटारं दुसरीकडे वळवा, गाळ काढा, बांध नीट करा. एका साहेबानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. दोन उन्हाळे असे गेले. शेवटी उत्तर आलं ते वेगळंच आलं. गाळ काढायला पैसे नाहीत. पण तळं भरून टाकलं तर डासांचा प्रश्न कायमचा मिटेल, आणि जी जागा निघेल तिथे घरांचे प्लॉट पाडता येतील. त्याला मंजुरी मिळू शकेल.

वॉर्डातली माणसं खूश झाली. शिवाप्पा तर म्हणाला, "रावरे, यापेक्षा चांगलं काय होणार? डास जातील, वस्ती वाढेल, गिरणीवर गिऱ्हाईक वाढेल." मीही मनातून खूश होते. चंपाच्या पाठची मुलगी तेव्हा माझ्या पोटात होती.

गुंडो आला तो त्या दिवशी पुढून न येता परसदारानं आला. मी विहिरीवर भांडी घासत होते. मामंजी पायरीवर पाय धूत होते.

"अण्णा, तळं भरणार म्हणतात," गुंडो म्हणाला.

"ठरतंय अजून."

"गाळ काढायचं ठरलं होतं ना?"

"मी ठरवलं होतं. त्यांनी नाही ठरवलं. काढायला पैसे नाहीत त्यांच्याकडे, भरायला आहेत."

"मग तू नको म्हण."

"नको म्हटलं तर काय होईल? आहे तसंच राहील. तेच गटार, तेच डास. पुन्हा कुणाची तरी चंपा तापानं फणफणेल."

गुंडो पायरीखाली उकिडवा बसला. मग म्हणाला, "माझी पोरं बांधाखालीच वाढली, अण्णा. त्यांनाही ताप आला. एक गेली. तुला ठाऊक आहे. पण पाणी गेलं तर मी काय पिकवू?"

मामंजींनी पाय पुसले. पुन्हा पुसले. "बघतो," म्हणाले.

मी कॉफी करायला आत गेले. पेला घेऊन बाहेर आले तेव्हा गुंडो गेला होता.

कार्पोरेशनची बैठक झाली त्या दिवशी मामंजी दिवे लागायच्या आधीच घरी आले. कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "सगळ्यांनी हात वर केले. मीही केला." आम्ही कुणी काही विचारलं नव्हतं.

बांध फोडला तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं टोपल्या घेऊन धावली. चिखलात मासे तडफडत होते आणि पोरं, बायका, म्हातारे, सगळे गुडघाभर चिखलात उतरून ते गोळा करत होते. जत्राच भरली होती. बगळे एवढे उतरले की चिखल पांढरा दिसायला लागला. त्यांना घाबरायलाही सवड नव्हती. मामंजी दुकानातून बाहेर आले नाहीत. पुढं कित्येक महिने लॉऱ्या येत राहिल्या, माती आणि पडक्या घरांचा राडारोडा ओतत राहिल्या. धुळीनं आमची तुळस करडी झाली.

बांधाखालच्या जमिनीही मग प्लॉटांतच गेल्या. गुंडोला काही पैसे मिळाले. हेब्बाळच्या बाजूला त्याची मुलगी दिली होती. तिच्या सासरची माणसं तिथल्या तळ्याखाली भाजी करत. तो तिकडे जायला निघाला त्या दुपारी मामंजी कचेरीत होते. गुंडो आला, सासूबाईंच्या पाया पडला. त्या म्हणाल्या, "यांना येऊ द्या, भेटून जा." तो म्हणाला, "वैनी, बैलगाडी थांबलीय." मला त्याच्याकडे बघवेना. मी चंपाला पुढं केलं, त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मामंजी म्हणाले, "बरं." आणि दुकानासमोरचा बाक उचलून आत भिंतीशी नेऊन ठेवला.

पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. शिवाप्पा उभा राहिला आणि निवडून आला. सकाळची गर्दी आमच्या अंगणातून त्याच्या गिरणीसमोर गेली. आम्हाला वाटलं, आता मामंजी पहिल्यासारखे बोलायला लागतील. सासूबाई मुद्दाम कॉफी पातळ करून बघायच्या. मामंजी पिऊन पेला खाली ठेवायचे.

एकदा खोकला धरला म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जुन्या ओळखीचे. छाती तपासता तपासता म्हणाले, "हिवतापाचा रोगी बघून मला किती दिवस झाले, रावरे. ती फवारणीची माणसं आली ना घरोघर, भिंतींवर औषध मारून गेली, त्यांची कृपा."

"आमचं तळं भरलं, म्हणून..." मामंजी म्हणाले.

"छे हो. हेब्बाळला तळं आहे, तिथं कुठं आहे ताप? केंपांबुधी तळ्याच्या काठी कुठं आहे? सगळीकडचाच गेला."

मामंजींनी सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तर म्हणाले, "काही नाही. गरम पाणी प्या म्हणाले." त्यांना जे कळलं होतं ते मीही ऐकलं होतं. मीही ते घरात कुणाला सांगितलं नाही.

तळ्याच्या जागेवर घरं उभी राहिली. चांगली, गच्चीची घरं. कारखान्यातली माणसं, बँकेतली माणसं, दुरून बदली होऊन आलेली माणसं. उन्हाळे तापायला लागले. पूर्वी परसदार उघडलं की तळ्यावरून गार वारा यायचा, तो बंद झाला. आमची विहीर मार्चमध्येच तळ दाखवायला लागली. आमच्या यांनी छताला पंखा लावला. बेंगळूरच्या घरात पंखा म्हणजे माझ्या सासूबाईंना लाजेचीच गोष्ट वाटली होती. त्यात पुढची दोन वर्षं पावसानं दगा दिला. रेशनच्या रांगेत लाल गहू मिळायला लागला, त्याच्या चपात्या चामड्यासारख्या व्हायच्या. भाताला सरावलेली माणसं ते खाताना रडकुंडीला यायची. नळाचं पाणी आणखी कमी झालं. कावेरीचं पाणी आणणार आहेत, असं जो तो म्हणायचा. कधी, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

सगळं शहर कुरकुरत होतं त्या दिवसांत. मामंजी गप्प.

नव्या घरांत पुण्याकडून आलेले एक साहेब राहायचे. सायकलीच्या पंक्चरला आले आणि मामंजींशी मराठी बोलता येतंय म्हणून खूश झाले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "काय हो हे! बंगलोरची हवा, बंगलोरची हवा म्हणून आम्ही इथं घर बांधलं. आणि हवा आहे कुठं? इथं पूर्वी तळं होतं म्हणतात. कोणत्या शहाण्यानं भरलं ते?"

मी दाराशी उभी होते.

मामंजींनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. म्हणाले, "आम्ही कौन्सिलात होतो तेव्हा भरलं. मी होतो त्यात."

साहेब ओशाळले. "नाही, म्हणजे, तुमचंही काही कारण असेल."

"होतं," मामंजी म्हणाले. "थांबा, पंक्चर झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "अहल्या, मला हेब्बाळला जायचंय. मला बसचे आकडे दिसत नाहीत. तू येशील?"

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सासूबाईंनी डब्यात दहीभात दिला. आम्ही एका बसनं मार्केटला गेलो, तिथून दुसरी पकडली. मामंजी खिडकीशी बसले होते, पण बाहेर बघत नव्हते. मी विचारलं, "मामंजी, काय बोलणार?"

"ते ठरवून काय निघालोय मी?" ते म्हणाले.

हेब्बाळला उतरलो. बांधावरून चालत गेलो. एका बाजूला पाणीच पाणी, दुसऱ्या बाजूला खाली हिरव्या भाजीचे वाफे. विचारत विचारत घर सापडलं. गुंडो अंगणात कोथिंबिरीच्या ढिगाशी बसून जुड्या बांधत होता. फार म्हातारा झाला होता. त्यानं वर बघितलं, मामंजींना ओळखलं, आणि खाली बघून हातातली जुडी पुरती बांधली.

"बसा," म्हणाला. अण्णा म्हणाला नाही.

मामंजी जमिनीवरच बसले. गुंडोच्या मुलीनं ताक आणून दिलं आणि ती आत गेली. गुंडो जुड्या बांधतच राहिला. मला वाटलं आता उठून जावं लागणार.

"मी हात वर केला होता, गुंडो," मामंजी म्हणाले.

"ठाऊक आहे."

"चुकलं."

गुंडोनं कोथिंबिरीतलं गवत वेचून बाजूला टाकलं. "चुकलं असेल. आता काय ते पुन्हा खणणार आहेस?"

"नाही."

"मग जुड्या बांध. बसलाच आहेस तर. उजेड आहे तोवर व्हायला पाहिजेत, पहाटे गाडी जाते."

मामंजींनी ढीग पुढं ओढला. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण हातांना कळत होतं. मीही बसले. आणि मग गुंडो बोलायला लागला. जन्मात एवढा बोलला नव्हता तेवढा. इथली माती चिकट आहे, म्हणाला. मेथीला वास येत नाही. वाऱ्यानं कांद्याची पात लोळते. जावई ऐकत नाही, त्याला सगळं विकतच्या खतावर पाहिजे. नातसुना भाजीला हात लावायला लाजतात, त्यांना कारखान्यातला नवरा पाहिजे होता. बस फाट्यावर सोडते, तिथून चालत यावं लागतं. दवाखाना नाही. देऊळ आहे, पण पुजारी झोपलेला असतो. इथलं पाणीही आता काही खरं नाही, वर कुणीतरी कारखाना काढणार आहे म्हणतात. रात्री झोप येत नाही. आपल्याकडची बेडकं वेगळी ओरडायची. इथली वेगळी ओरडतात.

मामंजी मान खाली घालून बांधत होते. मधेच "हं" म्हणत होते. गुंडो बोलून दमला असं वाटलं की विचारत, "आणि पाऊस?" की गुंडो पुन्हा सुरू.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दहीभात आठवला. तिघांनी खाल्ला. गुंडो म्हणाला, सासूबाईंच्या हातचं मीठ अजून तेवढंच आहे, जास्त. निघताना त्यानं आम्हाला दोन जुड्या दिल्या. बांधापर्यंत आला नाही, दारातूनच म्हणाला, "पुन्हा येणार असलास तर शनिवारी ये. शनिवारी काम जास्त असतं."

परत येताना बसमध्ये मामंजी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. सासऱ्यानं सुनेच्या खांद्यावर असं झोपायचं नसतं. मी हलले नाही. कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं तेही खुणेनंच सांगितलं.

त्यानंतर ते शनिवारी जात राहिले. कधी मी बरोबर जायचे, कधी चंपा. तिथं काय बोलणं होतं असं सासूबाई विचारायच्या. मामंजी म्हणायचे, "तो बोलतो. त्याचं फार साचलंय." डोळे पार गेले तेव्हा जाणं थांबलं. मग गुंडो यायला लागला, पण क्वचित. त्याचेही गुडघे राहिले नव्हते.

मामंजी गेले ते सत्तर साल उजाडायच्या आधी, पावसाळ्यात. शेवटच्या दिवसांत खिडकीतून पावसाचा आवाज ऐकत पडून असायचे. मला एकदा वाटलं, काही म्हणतील. म्हणाले, "चंपाला सांग, पाय ओले ठेवू नको."

तेराव्याला गुंडो आला. जेवला. पंगत उठल्यावर सासूबाईंजवळ जाऊन उभा राहिला. शेवटी गुंडो म्हणाला, "वैनी, हेब्बाळहून इथवर यायला आता बसच मिळत नाही बघा. आली तर भरलेली येते."

"खरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "बसा जरा. कॉफी घेऊन जा."

तो बसला.